घरी कोणता देव सांगितलाय?

बाईंच्या दवाखान्यात पेशंटला पहिला प्रश्न 'काय होतंय?' असा नसायचा. बाई चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "घरी कोणता देव सांगितलाय?"

नवखी असली तर ती गांगरायची. जुनी असली की मुकाट्यानं सांगायची, "शिर्डी." किंवा, "कोल्हारची देवी." मग बाई आत हाक द्यायच्या, "सिस्टर, जाताना हिला उदी द्या." श्रीरामपुरातला बायकांच्या आजारांचा तो दवाखाना. लांबून येणाऱ्या बायका घरी 'देवाला जाऊन येते' असं सांगून निघायच्या, आणि देवाला गेलेली सून रिकाम्या हातानं परत आली तर सासू काय समजायचं ते समजते. बाईंनी त्याचाही बंदोबस्त करून ठेवला होता. औषधांच्या कपाटात खालच्या कप्प्यात शिर्डीची उदी, कोल्हारच्या भगवतीचं कुंकू, नेवाशाच्या मोहिनीराजाचा प्रसाद, अशा पुड्या ओळीनं लावलेल्या असायच्या. पुड्या अस्सल. सिस्टर ख्रिस्ती, पण रविवारची उपासना आटोपली की एस.टी.नं देवळं फिरून त्याच पुड्या आणायच्या. "देवाच्या बाबतीत फसवणूक नको," असं बाईंचं म्हणणं होतं. सासूच्या बाबतीत त्यांची काही हरकत नव्हती.

मी त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. कॉलेजात इतिहास शिकवायला म्हणून गावात आले, जागा बघायला गेले, तर बाईंनी माझीच झडती घेतली. मूळ गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न का केलं नाही हेही विचारलं नाही. या तीन गोष्टींनीच मी इतकी हरखले की पुढच्या प्रश्नाकडे माझं लक्षच नव्हतं. "घरात बोलणारं काय काय आहे?" असा तो प्रश्न होता. मला वाटलं, पोपटाबद्दल विचारताहेत. मी "काही नाही" म्हणून मोकळी झाले.

सामान आलं त्या दिवशी बाई जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या. भावानं वाढदिवसाला दिलेलं एक गोल बोलकं यंत्र माझ्याकडे होतं, नाव घेऊन सांगितलं की गाणी लावणारं. बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय करतं?"

"गाणी लावतं. हवामान सांगतं. त्याचं नाव घेतलं तरच बोलतं, एरवी गप्प असतं."

"गप्प असतं, की ऐकत असतं?"

"म्हणजे?"

"आपलं नाव कधी घेतलं हे त्याला कळायचं कसं? सगळा वेळ कान देऊन बसल्याशिवाय कळेल का? मास्तरीण, तुम्ही हजेरी घेता ना? पोरगं 'हजर' कधी म्हणतं? ऐकत असेल तेव्हाच."

यंत्र खोक्यात गेलं ते कायमचं, आणि मी त्या घरात कायमची 'मास्तरीण' झाले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एकच पाटी होती: 'येथे गाव विचारू नये.' परमुलखातल्या माणसाला ती चक्रम वाटेल. नगर जिल्ह्यातल्या माणसाला लगेच पटेल. आपल्याकडे दोन बायका एका बाकावर टेकल्या की पाणी पिण्याआधी सुरू होतं, "कुणाची गं तू? कोणत्या गावची? माहेर कुठलं?" आणि पंख्याखाली घाम सुकायच्या आत नातं निघतं. म्हणजे तू आमच्या जावेच्या भावजयीच्या मावसबहिणीची नणंद. झालं. ती पेशंट घरी पोचायच्या आधी तिच्या गावात खबर पोचलेली असते. बाई म्हणायच्या, "कॅमेरे आत्ता आले हो. आपल्याकडं बाकं पूर्वीपासून आहेत."

नावानं हाक मारायची नाही, म्हणून बाईंनी सगळ्यांना धान्यांची नावं दिली होती. "मटकी, आत ये." "हुलगा कुठं गेली?" एकदा एक थोराड, तालेवार घरातली बाई 'नाचणी' म्हटल्यावर रुसली. तिला गहू व्हायचं होतं. बाईंनी सांगितलं, "गहू दुसरी आहे. तिचं झालं की तुला देते."

मोबाईल दारातच काढून ठेवायचे. तिथं एक पत्र्याचा पिठाचा डबा होता, घट्ट झाकणाचा. आत एखादा फोन वाजला की डब्यातून गुरगुर यायची आणि बाकावरच्या बायका आपापल्या चोळ्या चाचपायच्या. नोकरीला ठेवायच्या आधी बाई माणसाला शपथ घालायच्या. सिस्टरनी बायबलवर हात ठेवला होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी खंडोबापुढं बेलभंडारा उचलला होता. मी नोकर नव्हते तरी मलाही उचलायला लावला, कारण माझ्या गॅलरीतून दवाखान्याचं अंगण दिसायचं. मी म्हटलं, "बाई, मी तर देव मानत नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही मानत नसाल. खोटं बोललात तर हात थरथरतील, तेवढं मला पुरतं." आणि मग यंत्रांवर यायच्याच. "माणसाला शपथ तरी घालता येते. त्या तुमच्या गोल डब्याला बेलभंडारा कोण उचलायला लावणार?"

शेजारी एक रिटायर झालेले साहेब राहत. त्यांनी फाटकावर कॅमेरा बसवला, घंटा वाजवणाऱ्याचं तोंड मोबाईलवर दाखवणारा. त्यात रस्ता दिसायचा आणि रस्त्याबरोबर आमचं फाटकही. साहेब कौतुकानं कॉलनीच्या ग्रुपवर चित्रं टाकायचे: आज गाय आली, आज गॅसवाला आला. एकदा गॅसवाल्याच्या मागे आमच्या फाटकातून शिरणारी एक पाठमोरी बाई दिसली. बाईंनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीलगत दोरी बांधली आणि दवाखान्याच्या हिरव्या चादरी वाळत टाकल्या. वाळल्या की पुन्हा भिजवायच्या, पुन्हा टाकायच्या. मावशी वैतागल्या. साहेबांच्या मोबाईलवर दिवसभर हिरवं फडफडायचं. शेवटी ते स्वतः आले आणि म्हणाले, "डॉक्टर, पाऊस आला तरी तुमच्या चादरी बाहेरच?" बाई म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा आत गेला की माझ्या चादरी आत." आठवड्याभरात कॅमेऱ्याची मान वळली.

आता यावरून बाई मोठ्या शहाण्या होत्या असं कुणी समजू नये. संशयाला लगाम नसतो. एका पेशंटचं लहान पोर एक बाहुली विसरून गेलं. रिकाम्या खोलीत ती बाहुली आपोआप हसली. बाईंनी ती चिमट्यानं उचलून फिनेलच्या बादलीत बुडवली. पोर दुसऱ्या दिवशी रडत आलं तेव्हा कळलं की तिच्या पोटात साधा सेल होता आणि हलवलं की ती हसायची, आणि आदल्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यानं ती टेबलावरून घसरली होती. बाईंनी तशीच दुसरी बाहुली आणवून दिली, पण ती हसती असू नये अशी दुकानदाराला ताकीद देऊन. पोराला ती आवडली नाही.

बाहुलीचं हसण्यावारी नेता येतं. सिस्टरचं नाही. एकदा दवाखान्यात येऊन गेलेल्या एका मुलीचं प्रकरण गावात फुटलं. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही, फक्त सिस्टरकडे बघणं बदललं. कपाटाची किल्ली आपल्या कमरेला लावली. सिस्टर कित्येक वर्षं तिथं कामाला होत्या. त्यांना एवढं पुरलं. त्या यायच्या थांबल्या. पुढे समजलं की त्या मुलीच्या सख्ख्या बहिणीनंच मोबाईलवर आवाज भरून मैत्रिणीला धाडला होता आणि मैत्रिणीनं तो पुढं. नाताळच्या दिवशी बाई सिस्टरच्या घरी गेल्या, मला सोबत घेऊन. माफीबिफी मागितली नाही. चहा झाला, केक झाला, आणि उठताना किल्ली टेबलावर ठेवून त्या जिना उतरल्या. सिस्टर दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, पण त्यानंतर त्या बाईंशी पूर्वीसारखं कधी हसल्याचं मी पाहिलं नाही. बाईंनाही ते दिसत होतं. एका संशयाचं मोल किती असतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

असा स्वभाव झाला कशानं, हे मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी निराळं उत्तर मिळालं. कधी म्हणायच्या, अकोल्याला सरकारी नोकरीत होते तेव्हा जीपचा ड्रायव्हर पेशंटच्या आधी तिच्या गावात बातमी पोचवायचा, त्याचा धसका. कधी म्हणायच्या, हॉस्टेलवर माझी पत्रं रेक्टर फोडायची. कधी नुसतंच, "आमच्या घरी भिंती पातळ होत्या." यातलं खरं कोणतं आणि सासूला दाखवायची उदी कोणती, ते मला अजून कळलेलं नाही.

आता करडईचं सांगते. ती मला या घराच्या आठवणींत सगळ्यात जवळची आहे. करडई हे अर्थातच बाईंनी दिलेलं नाव. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिवा खुशाल, पर गाव खरं टाकू नका." म्हणून मी मिरजगाव म्हणते. ते मिरजगाव असेलच असं नाही.

करडईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. घर एकत्र, बागायतदार, हायवेला खत-बियाणांचं दुकान. सासू हयात, कर्ता थोरला दीर. घरात भाषा सुरू झाली होती ती सोडचिठ्ठी घेऊन धाकट्याला दुसरी करायची. तपासणी कुणी करायची म्हटलं तर तिचीच. पुरुषाचीही तपासणी असते हेच त्या घराला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. शेवटी तिनं नवऱ्याचं मन वळवलं. दोघं लपूनछपून इतक्या लांब बाईंकडे आली, कारण इथं त्यांना ओळखणारं कुत्रं नव्हतं. घरी सांगितलं, शिर्डी.

दुसऱ्या खेपेला आली ती घरच्या नव्या गाडीतून. गाडी थोरल्या दिराच्या नावावर. ओवाळून घेतलेली, पुढं लिंबू-मिरच्या. त्या गाडीची सगळ्या गावात एकच कीर्ती होती: दीर पारावर बसून मोबाईल दाबायचा आणि लांब उभ्या गाडीतला एसी सुरू व्हायचा. माणसं दार उघडून आत हात घालून गार हवा बघायची आणि म्हणायची, "लई भारी." जो मोबाईल बसल्या जागेवरून गाडी गार करतो त्याला गाडी कुठं आहे हेही समजत असणार, असं कुणाच्या मनात आलं नाही. करडईच्या नवऱ्याच्याही नाही. ते सगळे गारव्यावरच खूश होते.

बाईंच्या बाजूनं सगळं चोख झालं. फोन डब्यात गेले. कुणी गाव विचारलं नाही. आधीच्या खेपेला दिलेल्या तपासण्यांचे निकाल त्या दिवशी आले होते. दोष तिच्यात नव्हता, त्याच्यात होता. तो आत रडला, हे करडईनं मला नंतर सांगितलं. आणि मग त्यानं तिला आपल्या गळ्याची शपथ घातली, घरी बोलायचं नाही म्हणून. ती 'बरं' म्हणाली. सिस्टरनी उदी दिली. आणि हा सगळा वेळ गाडी आमच्या फाटकाशी उभी होती, मोबाईलवरच्या नकाशात ठिपका होऊन.

घरी गेल्यावर सासूनं उदी कपाळाला लावली. थोरल्या दिरानं विचारलं, "गर्दी हुती का शिर्डीत?"

"लई हुती," करडईचा नवरा म्हणाला.

"आन् गाडी कुठं लावलीस?"

"हे काय, देवळाजवळच."

दिरानं मोबाईल त्याच्यापुढं धरला. गाडी कुठं गेली, कुठं थांबली, किती वेळ थांबली, कोणतं दार कधी उघडलं, सगळं. करडई म्हणते, त्या वेळी तिला देवाची नाही, उदीची लाज वाटली. सासूनं कपाळ पुसून टाकलं.

दोन-चार दिवसांनी तीच गाडी पुन्हा आमच्या फाटकाशी थांबली. या खेपेला सासू आणि थोरला दीर उतरले. करडई मागच्या सीटवरून उतरून दाराला धरून उभी राहिली. नवरा गाडी चालवत आला होता. बोलणं अंगणातच झालं, मला गॅलरीतून नको तरी सगळं ऐकू येत होतं.

"डॉक्टरीनबाई," सासू म्हणाली, "आमची गाडी सकाळधरनं दुपारपातुर तुमच्या दारात हुती. हिचं काय केलं तुमी? पाडलं का काय ते सांगा."

"मी पेशंटबद्दल कुणाशी बोलत नाही."

"आमी परके न्हाई. घरचेच हाओत."

"घरच्यांशीच बोलत नाही. परक्यांना ऐकून करायचंय काय?"

दीर मोबाईल पुढं करून म्हणाला, "बाई, खोटं बोलायची सोय न्हाई. गाडी हिथंच हुती. हे बगा."

"हुती ना," बाई म्हणाल्या. "मी कुठं नाही म्हणते? तुमचा मोबाईल गाडी कुठं होती ते सांगतो. कशासाठी होती ते विचारा की त्याला."

"म्हंजी ही वांझ हाय, असंच समजायचं ना आमी?" सासूनं विचारलं.

बाईंनी करडईकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो फडकं घेऊन गाडीची पुढची काच पुसत होता. काच स्वच्छ होती. तो पुसतच राहिला. बाई बघत राहिल्या, खूप वेळ, आणि मग आत गेल्या. गाडी वळून निघाली, तरी करडई मागच्या काचेतून आमच्या दाराकडे बघत होती.

मी खाली उतरले ती चिडूनच. मला आतलं काही माहीत नव्हतं, पण बाईंना माहीत आहे आणि त्या तोंड मिटून बसल्या आहेत एवढं लहान पोरालाही कळलं असतं. मी म्हटलं, "बाई, तुमच्या एका वाक्यानं ती मुलगी वाचली असती."

"ते वाक्य माझं नाही," त्या म्हणाल्या. एवढंच.

चार दिवसांनी करडईनं माहेराहून दवाखान्याच्या फोनवर कळवलं की तिला पाठवून दिलं आहे. कपड्यांची पेटीही सोबत दिली आहे. ज्या पेटीतून लग्नात कपडे गेले होते तीच. बाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी पुढचे पेशंट सिस्टरकडे सोपवून मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. त्यानंतर नवा नियम निघाला. चारचाकीनं येणाऱ्यांनी गाडी स्टँडवर लावून चालत यायचं. फाटकाशी कोणी गाडी थांबवली की बाई स्वतः जाऊन विचारायच्या, "ही बोलते का?" एका टेम्पोवाल्याला तर वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही थोडं वाटायला लागलं होतं. त्या म्हणायच्या, "सगळी दारं लावली मी, आणि चाकं राहिली."

पण त्यांना खरं खात होतं ते वेगळंच. एका संध्याकाळी त्या आपणहून वर आल्या, जे त्या कधी करत नसत. माझ्या कॉटवर बसल्या.

"मास्तरीण, मी आजवर समजत होते, गुपित राखलं की बाई वाचते. या वेळी मी राखलं. वाचलं कोण?"

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"उद्या मी सांगितलं, तर परवापासून माझ्याकडं कुणी येणार नाही. आणि नाही सांगितलं तर ती जन्मभर वांझ म्हणून बसेल." त्या घोटभर पाणी प्यायल्या. "उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? मिरजगावला जायचंय. एस.टी.नं."

आम्ही नगरला बस बदलून दुपारी तिथं पोचलो. दुकान हायवेच्या कडेलाच होतं. करडईचा नवरा एकटाच गल्ल्यावर होता. बाईंना बघून तो उठून उभाच राहिला. बाईंनी तोंड उघडताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि वर खूण केली. पोत्यांच्या थप्पीवर, कोपऱ्यात, एक कॅमेरा होता.

"दादाचा हाय," तो दबल्या आवाजात म्हणाला. "समदं दिसतं त्याला, आवाज बी जातो. तिकडनं बोलतो बी. बाई, आपन मागं गोडावनात जाऊ."

मला वाटलं, आता बाई तडक परत फिरतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि नेमकी कॅमेऱ्याच्या समोर टाकली. त्यावर ऐसपैस बसल्या, पदर सारखा केला.

"गोडाऊनात कशाला? इथं हवा येते. बायको कुठंय?"

"माहेरी."

"का?"

"आईनं धाडली."

"तुला बरं वाटलं?"

त्यानं गल्ला उघडला, पुन्हा लोटला. बाहेरून ट्रक जात होते. मग तो म्हणाला, इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "बाई, आजवर दादापुढं मान वर करून बोललो न्हाई मी. लगीन बी त्यानं ठरवलं, दुकान बी त्यानं घालून दिलं. त्याच्या तोंडावर असं कसं सांगायचं?"

"दादा इथं कुठंय?" बाई म्हणाल्या. "भिंत आहे नुसती. पोती आहेत. त्यांच्यापुढं मान वर करायला कसली लाज?"

आणि त्या उठल्या. "चला मास्तरीण, आपण बाहेर थांबू. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये."

आम्ही पत्र्याच्या सावलीत जाऊन उभ्या राहिलो. बाईंनी रस्त्याकडे तोंड केलं. मी केलं नाही. तो बराच वेळ गल्ल्यावरची पावतीबुकं इकडची तिकडं करत राहिला. मग त्यानं टोपी काढली, जशी वडीलधाऱ्यापुढं कुणी काढत नाही, आणि मान वर करून कोपऱ्याकडे बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "दोष तिच्यात न्हाई. माझ्यात हाय. डॉक्टरांनी तपासलंय. तिला मीच गप बसवलं हुतं. आईला सांग. तिला आना."

ट्रक गेला, त्याच्या मागे एक एस.टी. गेली. मग कॅमेऱ्यातून खरखर झाली आणि थोरल्याचा आवाज आला. तो रागावलेला नव्हता. थकलेला वाटला.

"दुकान बंद कर. घरी ये."

परतीच्या बसमध्ये मला रडू येत होतं आणि मी बाईंचा हात धरला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता, तसं मी म्हणालेही. त्यांनी हात सोडवून घेतला. "तो बोलला ते खरं," त्या म्हणाल्या, "पण ते बोलणं आता किती ठिकाणी साठलं असेल, मास्तरीण? त्या कॅमेऱ्याच्या कंपनीत कोण कोण बसलेलं असेल?" नगर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत हाच विचार करत होत्या.

करडईला आणायला थोरला दीर स्वतः गेला. महिन्याभरानं ती दवाखान्यात आली. एकटी, एस.टी.नं, आणि घरी दवाखान्यात जाते म्हणूनच सांगून. अंगावर नवी साडी होती, पण बसली ती अवघडूनच. तिनं सगळं सांगितलं. दिरानं ते बोलणं मोबाईलमध्ये धरून ठेवलं होतं आणि आईला ऐकवलं होतं. सासू एक अवाक्षर बोलली नव्हती. फक्त त्या दिवसापासून चहा करडईच्या हातचा मागू लागली होती.

"आन् मी गाडीत बसायच्या आधी भाऊजीला म्हनले," करडई सांगत होती, "ते ह्यांचं बोलनं आधी माझ्या मोबाईलवर टाका, मग बसते. त्यानी टाकलं. पर बाई, लाज बी वाटती. नवऱ्याचं असं जवळ ठिवायचं म्हंजी... पुसून टाकू का? आता तर सगळं गोडीत हाय."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "माहेरी तुझ्या आईच्या मोबाईलवर पण एक टाकून ठेव."